‘एक जुना वाचक’ यांस उत्तर : स्मर्फांचे गाव आणि माझे खेळणे

स्मर्फ नावाच्या निळ्या बुटक्यांचे गाव वसवण्याच्या ‘स्मर्फ्स व्हिलेज’ या मोबाइलवरील खेळाबद्दल मी लिहिलेल्या लेखावर ‘एक जुना वाचक’ या सहीने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. तीत चारच वाक्ये आहेत. हा खेळ म्हणजे माणसाला ताटकळत ठेवून पैसे उकळण्याचे यंत्र आहे, हे पहिले. त्याचे असे कौतुक, जो पहिल्या आठवड्यापलीकडे खेळलेलाच नाही, तोच करू शकतो, हे दुसरे. 2011 साली जे घडले ते मी सोयीस्करपणे गाळले, हे तिसरे. आणि स्मर्फांचे जनक, चित्रकथाकार पेयो यांच्या गावात पैसा नव्हता, इथे मात्र गावच विक्रीला काढले आहे, हे चौथे. मतभेदाला माझी हरकत कधीच नव्हती आणि आजही नाही. परंतु ज्यांना आपण ओळखतही नाही, त्यांनी काय केले आणि काय केले नाही याचा निवाडा टोपणनावाच्या आडून एका वाक्यात करून टाकण्याला मतभेद म्हणत नाहीत.

म्हणून दुसऱ्या वाक्यापासूनच सुरुवात करतो.

वाचक महोदय (किंवा महोदया; आपण ते कळू दिलेले नाही), मी हा खेळ पहिल्या आठवड्यात सोडून दिला, हे आपण कशावरून ठरवलेत? माझ्या लेखात तक्रारीचा सूर नव्हता म्हणून? एखाद्या गोष्टीचा कंटाळा आला नाही, तर ती आपण पुरेशी अनुभवलेली नाही, असा हा न्याय दिसतो. या न्यायाने उद्या कोणी गाण्याची तारीफ केली, तर त्याने मैफल अर्ध्यावर सोडली असेच म्हणावे लागेल. शिवाय खेळाच्या रचनेची थोडी तरी माहिती असती, तर आपण ‘पहिला आठवडा’ हे शब्द वापरलेच नसते. पहिल्या आठवड्यात हा खेळ खेळणाऱ्याला ताटकळत ठेवतच नाही. स्मर्फांचा वैरी असलेल्या गार्गामेल या जादूगाराने गावाचा शोध लावून त्यांची दाणादाण उडवली आहे, आणि आता आपण नवे गाव वसवायचे आहे, अशी सुरुवात होते. हाती एक अळंबीचे घर आणि जमिनीचा एक तुकडा असतो. त्या वेळची पिके चटकन तयार होतात, पातळ्या भराभर वाढतात आणि दर थोड्या वेळाने काहीतरी नवे उघडते. वाट पाहण्याचा खरा भार पुढे येतो, जेव्हा लांब मुदतीची पिके आणि सावकाश उभी राहणारी बांधकामे हाती येतात. तेव्हा पहिल्या आठवड्यापुरते खेळलेल्या माणसाला वाट पाहण्याबद्दल चांगले किंवा वाईट काहीच म्हणता येणार नाही. मी त्याच विषयावर तीन परिच्छेद लिहिले होते. ते आपण वाचले असतील, असे मी अजूनही गृहीत धरतो.

आणि आता विषय निघालाच आहे, तर जे लेखात सांगण्याची मला गरज वाटली नव्हती, तेही सांगतो. मी काही वर्षे मोबाइल खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत काम केले आहे. गाव वसवण्याचाच एक खेळ आम्ही तयार करत होतो आणि माझ्याकडे त्यातील वेळेच्या तक्त्याचे काम होते. कोणते पीक किती वेळात यावे, त्याची किती नाणी मिळावीत, पुढच्या इमारतीची किंमत किती ठेवावी म्हणजे खेळणारा रेंगाळेल पण वैतागून निघून जाणार नाही, हे सगळे त्या तक्त्याच्या रकान्यांत बसवावे लागते. एका रकान्यातला आकडा हलवला, की खालचे सगळे हलतात. तो तक्ता तोलता तोलता मी कित्येक रात्री जागवल्या आहेत. त्यामुळे ‘ताटकळत ठेवून पैसे उकळणे’ म्हणजे काय, हे मला प्रतिक्रियेतून शिकण्याची आवश्यकता नाही. उकळणारा तक्ता कसा दिसतो, तेही मी पाहिलेले आहे, आणि म्हणूनच हा खेळ वेगळा आहे असे मी लिहिले होते.

वेगळेपण कोणते, ते पुन्हा एकदा स्पष्ट करतो. या खेळात पीक तयार झाले की ते निमूटपणे आपली वाट पाहत बसत नाही. वेळेवर काढले नाही तर ते वाळून जाते, आणि त्यात घातलेली नाणी बुडतात. म्हणजे पेरणी करतानाच आपण पुन्हा केव्हा परत येणार आहोत, याचा विचार खेळणाऱ्याला करावा लागतो. लवकर येणार असू तर झटपट पीक, रात्रभर फोन बाजूला ठेवणार असू तर सावकाश येणारे. मी झोपण्यापूर्वी सगळ्या वाफ्यांत लांब मुदतीचे पीक लावून ठेवत असे आणि सकाळी एकेका वाफ्यावर बोट ठेवून ते काढत असे. तो निळा बुटका खाली वाकतो, उठतो आणि पुढच्या वाफ्याकडे धावतो, एवढाच प्रकार. पण त्यात दिवसाचा एक क्रम होता. खेळात खऱ्या पैशांनी विकत मिळणाऱ्या बेरी खर्च करून तीच वेळ शून्यावर आणता येते, हे खरे आहे. मी आणली नाही. आपण आणली असल्यास तो खेळाचा दोष कसा, हे मला समजलेले नाही.

पहिल्या वाक्याचे उत्तर यातच आले, असे मी मानतो. फुकट खेळता येणाऱ्या खेळाला कुठून तरी उत्पन्न मिळवावे लागते. घाई असलेल्यांकडून ते मिळवले जाते आणि घाई नसलेल्यांना खेळ फुकट मिळतो. यात लपवाछपवी काही नाही. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेवर आधारलेला स्नूपीच्या गावाचा खेळ 2015 मध्ये आला, तोही याच वळणाचा आहे. त्याविषयी मी लिहिले तेव्हा आपण आला नव्हतात. असो.

आता 2011. ते प्रकरण मला ठाऊक नसावे, असे आपण सुचवता, म्हणून ते सविस्तर मांडतो. खेळ 2010 च्या अखेरीस कॅपकॉमच्या मोबाइल शाखेने आणला आणि तो आयफोनवर प्रचंड चालला. 2011 च्या फेब्रुवारीत ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी दिली, की अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एका आठ वर्षांच्या मुलीने या खेळात बेरी वगैरे घेता घेता 1,400 डॉलर खर्च केले, आणि घरच्यांना त्याचा पत्ता बिल आल्यावरच लागला. बेरींची सर्वांत मोठी गाडी जवळजवळ 100 डॉलरना मिळत असे. हे कसे घडू शकले? अ‍ॅपल कंपनीच्या अ‍ॅप स्टोअर या ऑनलाइन दुकानात एकदा पासवर्ड टाकला, की पुढची 15 मिनिटे तो पुन्हा विचारला जात नव्हता. पालकांनी खेळ उतरवून फोन मुलाच्या हाती दिला, की ती 15 मिनिटे सुरू झालेली असत. मार्चमध्ये आयओएस या आयफोनच्या प्रणालीची 4.3 ही आवृत्ती आली आणि खेळ उतरवणे व खेळातील खरेदी यांसाठी पासवर्ड स्वतंत्रपणे मागितला जाऊ लागला. पुढे 2014 च्या जानेवारीत मुलांनी पालकांना न विचारता केलेल्या अशा खरेदीच्या प्रकरणी, फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेशी तडजोड करताना अ‍ॅपलने ग्राहकांना किमान 3 कोटी 25 लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. लक्षात घ्या, पैसे कोणी परत केले? दुकानाने. पासवर्डचा दरवाजा दुकानाचा होता. खेळ बनवणाऱ्यांनी त्या दुकानाच्या नियमांनुसार माल मांडला होता. या प्रकरणासाठी लेखात एक ओळ खर्च करता आली असती, एवढे मी मान्य करतो. परंतु लेख त्या गावाच्या रचनेविषयी होता, पालकांच्या फोनविषयी नव्हता, आणि ‘सोयीस्करपणे’ हे क्रियाविशेषण आपल्या पदरचे आहे.

राहिले चौथे वाक्य, जे आपल्याला बहुधा फार टाळ्यांचे वाटले असावे. पेयो म्हणजे बेल्जियमचे पिएर क्युलिफोर. त्यांनी 1958 मध्ये ‘स्पिरू’ साप्ताहिकात, जोहान आणि पीविट यांच्या कथेत, हे निळे बुटके प्रथम आणले. त्यांच्या गावात पैसा नव्हता, हे ‘जुन्या वाचका’ने इतक्या ठामपणे सांगावे याचे नवल वाटते. पेयोंच्या हयातीतला शेवटचा स्मर्फ अल्बम 1992 चा, आणि त्याचा विषयच मुळी पैसा आहे. एक स्मर्फ माणसांच्या वस्तीत जाऊन येतो, तिथले नाण्यांचे व्यवहार पाहतो आणि ती कल्पना गावात आणतो. मग काम, मजुरी, किंमत, उसने, सगळेच सुरू होते. शेवटी गावकरी कंटाळून गाव सोडायला निघतात आणि पैसा मागे पडतो, हे मला ठाऊक आहे, तेव्हा कृपया ते मला लिहून कळवू नये. मुद्दा इतकाच, की स्मर्फांच्या गावात नाणे आणण्याची कल्पना एखाद्या मोबाइल कंपनीची नव्हे, ती खुद्द पेयोंची होती. त्या गोष्टीतून काय अर्थ काढायचा हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे आणि तो चार वाक्यांच्या प्रतिक्रियेत मावणारा नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. तीवर उत्तर द्यायचे असल्यास जरूर द्या. वाळणाऱ्या पिकांबद्दल, वेळेच्या तक्त्याबद्दल, बेरींच्या किमतीबद्दल लिहिलेत तर मी सवडीने उत्तर देईन. मी किती दिवस खेळलो याबद्दल लिहिलेत, तर देणार नाही.