झाकोतेंचे अनुवाद बाजूला का काढायचे?

कवी आणि अनुवादक फिलिप झाकोते फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. जन्म स्वित्झर्लंडमधल्या मुदाँचा, भाषा फ्रेंच. त्यांच्याबद्दल बोलताना लोक आधी कविता मोजतात आणि अनुवाद पोटापाण्याचं काम म्हणून मागे टाकतात. मला हे अजिबात पटत नाही.

पोटापाण्यासाठी ते होतंच. १९५३ मध्ये पॅरिस सोडून ते आणि त्यांची चित्रकार पत्नी आन-मारी दक्षिण फ्रान्समधल्या ग्रिन्याँ गावात राहायला गेले. घर चालायचं ते मुख्यतः अनुवादांवर. पण कामं तरी बघा! १९५५ मध्ये होमरचं अख्खं 'ओडिसी', तेही पद्यात. पाठोपाठ ऑस्ट्रियन लेखक रॉबर्ट मुसिलची अवाढव्य, अपुरीच राहिलेली कादंबरी. पुढे होल्डरलिन, रिल्के, उंगारेत्ती, मान्देलश्ताम असे कवी. पोरसवदा वयात, १९४१ मध्ये, त्यांना ग्यूस्ताव रू भेटले होते. तेही कवी आणि जर्मन कवींचे अनुवादक. म्हणजे ही दोन कामं वेगळी असतात, असं त्यांच्यासमोर कधी आलंच नाही.

१९६० च्या सुमारास झाकोतेंनी जपानी हायकू वाचले, आर. एच. ब्लाइथ यांच्या इंग्रजी अनुवादांतून. त्यानंतर १९६७ मध्ये आलेल्या 'एर' या संग्रहातल्या कविता इतक्या लहान आणि मोकळ्या आहेत की कवी मध्ये कुठे उभाच दिसत नाही. आणि मग १९६९ चं 'लेसाँ', सासऱ्यांच्या मरणावरचं. मला त्यांचं सगळ्यात जवळचं पुस्तक हेच. मरणाऱ्यांना वाट दाखवण्याचा आव आपण पूर्वी आणला होता, असं ते सुरुवातीलाच कबूल करतात. सुंदर प्रतिमेवरचा हा अविश्वास, स्वतःचा आवाज खाली ठेवण्याची ही सवय वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या ओळींची सेवा केल्याशिवाय अंगी येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

२०१४ मध्ये त्यांच्या हयातीतच 'प्लेयाद' या थोर लेखकांच्या लेखनाच्या मानाच्या फ्रेंच ग्रंथमालिकेत त्यांचं लेखन आलं. फार थोड्यांना हा मान मिळतो. त्या खंडात अनुवाद नाहीत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. सुदैवाने इटालियन, स्पॅनिश, जर्मन, रशियन आणि चेक कवितांच्या आपल्या अनुवादांचा संग्रह त्यांनी स्वतःच १९९७ मध्ये काढला होता. तुमच्यापैकी कुणी फ्रेंच वाचत असेल, तर झाकोतेंची सुरुवात त्याच पुस्तकापासून करा, आणि 'लेसाँ' त्यानंतर लगेच घ्या.