डोंगल यूएसबीत बसला म्हणजे चालला, असं नाही

"घरात पडलेला 4जी डोंगल घ्या, कुठल्याही बोर्डाच्या यूएसबीत खोचा, शेतातला पंप ऑनलाइन. वेगळं मॉड्यूल म्हणजे पैसे पाण्यात." हा मेसेज ग्रुपवर फिरतोय. पोरं त्यावर विसंबून खर्च करतात, म्हणून लिहितोय.

"कुठल्याही बोर्डाच्या" इथेच घोळ आहे. डोंगल हे डिव्हाइस, म्हणजे जोडलं जाणारं उपकरण; त्याला समोर होस्ट, म्हणजे कॉम्प्युटरसारखं त्याला चालवणारं यंत्र लागतं. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाचं यूएसबी स्वतःच डिव्हाइस आहे, मूळ ईएसपी32 या वाय-फायवाल्या कंट्रोलर चिपमध्ये तर यूएसबीच नाही. ईएसपी32-एस3 होस्ट होतो, पण 12 मेगाबिटच्या वेगाने, आणि ड्रायव्हर आपणच बसवायचा. उनोवर काम भागवायचं असेल तर ए7670सीसारखं 4जी मॉड्यूल सिरियल पोर्टवर (दोन तारांवरून डेटा पाठवायची साधी जोडणी) एटी कमांडनी, म्हणजे मोडेमला द्यायच्या मजकुरी आज्ञांनी चालतं. ते पैसे पाण्यात कसे?

"खोचा की झालं" हे रास्पबेरी पायवरही (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर, हा होस्ट होतो) दरवेळी खरं नाही. बरेच डोंगल आधी सीडी ड्राइव्ह म्हणून हजर होतात, कारण विंडोजचे ड्रायव्हर त्यातच भरलेले असतात. ह्युआवेच्या ई3372 हायलिंक डोंगलचा यूएसबी आयडी तेव्हा 1एफ01 दिसतो. यूएसबी मोडस्विच या लिनक्स प्रोग्रामने तो 14डीसी केला की मगच तो नेटवर्क कार्ड होतो.

खरा मार बसतो पॉवरचा, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. रेंज कमी असेल तर डोंगल जोर लावून ट्रान्समिट करतो आणि नेमका तेव्हाच जास्त करंट ओढतो. घरी टेबलावर सगळं सुरळीत, विहिरीवर नेलं की दर काही मिनिटांनी रीस्टार्ट. माझ्याकडे हेच झालं. दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. शेवटी रास्पबेरी पायवर 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' ही पॉवरची स्थिती सांगणारी कमांड दिली, उत्तर आलं 0एक्स50000, म्हणजे व्होल्टेज आधी कधीतरी पडून गेलंय. व्होल्टेज 4.63च्या खाली गेलं की रास्पबेरी पाय ही खूण ठेवतो. चार्जरची बारीक, लांब केबल काढून जाड, आखूड लावली, डोंगल स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबवर घेतला, तेव्हा कुठे रीस्टार्ट थांबले.

"घरात पडलेला" डोंगल 3जीचा निघाला तर जिओचं सिम त्यात रजिस्टरच होणार नाही, जिओचं नेटवर्क 4जी-5जीचंच आहे.

राहिलं "ऑनलाइन". साध्या सिमला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपीव्ही4 पत्ता मिळत नाही, ते कंपनीच्या नॅटमागे असतं, म्हणजे अनेक ग्राहक मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात. मोबाइलवरून थेट पंपाचा पत्ता टाकून काही उघडणार नाही. बोर्डानेच बाहेरच्या एमक्यूटीटी सर्व्हरला (उपकरणांचे छोटे निरोप इकडून तिकडे पोचवणारा सर्व्हर) जोडून राहायचं, आणि पंप चालू-बंदचा निरोप त्याच जोडणीवरून यायचा.