पोरांच्या हातात करवत द्या की!

मे महिना आला की परड्यात गल्लीतली पोरं-पोरी गोळा करून सुतारकाम काढतो आणि कोणतरी येऊन विचारतंच, "अहो, एवढ्याशा पोरांच्या हातात करवत? बोट गेलं म्हंजे?"

माझं मत सरळ आहे. हत्यार खरं द्या, धारेचं द्या, पण एका वेळी एकच द्या आणि शेजारी बसा, मोबाईल बाजूला ठेवून. ते ऑनलाईन मिळणारं प्लास्टिकचं किट मला अजिबात पटत नाही, कापतच नाही म्हटल्यावर पोरगं जोर लावतंय, आणि जोर लावला की हत्यार सटकतंय. बोथट विळीवर टोमॅटो चिरून बघा, मग कळंल.

सुरुवात पॉलिश पेपर आणि कानशीनं. मग हलकी हातोडी, पण खिळा बोटात धरायचा नाही, जाड पुठ्ठ्याच्या पट्टीत खोचायचा आणि पट्टी लांबून धरायची, नेम चुकला तर मार पुठ्ठ्याला. डोळ्याला गॉगल हवाच. मग भोक पाडायचं गिरमिट, मग करवत. पटाशी, म्हंजे लाकूड कोरायची छिन्नी, लय उशिरा, आणि तेव्हा दोन्ही हात धारेच्या मागंच, लाकूड धरायचं काम क्लॅम्पचं. लाकूड तासायचा वाकस तर पोरांना नाहीच.

करवतीचं जरा नीट सांगतो. आमचे सुतारमामा खाली बसून फळी पायाखाली दाबून कापतात, पोरं लगेच तसंच करायला बघतात. मामा म्हणतात, "माझा पाय शिकलेला हाय बाळा, तुझा अजून शाळंत जातोय." म्हणून फळी क्लॅम्पमध्येच. आधी करवत अलगद आपल्याकडं ओढून खाच पाडायची, मग लांब हात, वरनं दाबायचं नाही. शेवटी आवाज बदलतो तिथं हात हळू करायचा, सुटणारा तुकडा मोठ्या माणसानं धरायचा. हा आवाज ओळखायला लागलेलं पोरगं बघायला जाम मजा येते.

लाकूड मऊ घ्या, पॅकिंगच्या पेटीचं पाईन चालतंय, फक्त आधी खिळे उपसा. सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याच्या लाकडाची करायचे ते मऊ असतो म्हणूनच. एमडीएफ, म्हंजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, नको, त्याची बारीक धूळ वाईट.

आणि हो, हे माझं खूळ नाही. वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी नई तालीम ही शिक्षणपद्धत मांडली ती हाताच्या कामावरच, स्वीडनच्या शाळेत आजही लाकूडकाम सक्तीच्या विषयात आहे, आणि आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिराकडं शिकायला पाठवा असं लिहिलंय, त्यात सुताराचं नाव पहिलंच आहे. शाळावाल्यांनो, तेवढे दिवस पन्हाळ्याची सहल काढून उरकू नका. पेठेत अजून रंधा मारणारी माणसं आहेत, त्यांना बोलवा. फक्त शाल-नारळ देऊन फोटो काढू नका, दिवसाची पूर्ण मजुरी द्या, तेवढा वेळ त्यांचं काम बंद असतंय.