आमचे आजोबा पण असेच होते

दादा, तुमच्या आजोबांवरचा लेख वाचला, ९६ वर्षं जगले आणि शेवटपर्यंत घरातल्या प्रत्येकाची चौकशी करत राहिले हे वाचून आमचेच आजोबा डोळ्यासमोर आले. आमचं गाव देवगड तालुक्यात. आजोबा मुंबईला गिरणीत होते, तेव्हा कोकण रेल्वे कुठली (ती १९९८ ला पूर्ण सुरू झाली), भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचे, आणि पावसाळ्यात बोट बंद म्हणजे गणपतीला यष्टीचे धक्के खात. पण गणपती कधी चुकवला नाही हां. महिन्याची मनीऑर्डर पण कधी चुकवली नाही, स्वतः लालबागला गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहून खानावळीत जेवायचे आणि इकडे तीन बहिणींची लग्नं लावली.

८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. गावी आले ते एकदम गप्प, आजी सांगायची महिनाभर पडवीत नुसते बसून असायचे. मग एक दिवस कोयती घेऊन कातळाकडचं रान साफ करायला गेले, तिथे खड्डे मारून हापूसची कलमं लावली आणि पाणी विहिरीवरून कावडीने. ऐंशी वर्षांचे असताना पण नवीन कलमं लावत होते, मी हसलो तर म्हणाले, "माका नाय गावले तर तुमका गावतले रे." रागीट पण होते, खोटं कशाला सांगू, काकाशी दोन वर्षं बोलले नव्हते. पण त्याच्या वाट्याची आंब्याची पेटी मात्र दरवर्षी आधी भरायचे, पेंढा घालून, स्वतःच्या हाताने.