नदी खोल आणि सरळ केली की पूर टळतो?

"पात्र खोल करा, रुंद करा, वळणं काढा, पूरही येणार नाही आणि पाणीही साठेल." पावसाळा जवळ आला की जेसीबीच्या फोटोसकट हा मजकूर फिरू लागतो. त्यातला एकेक दावा घेऊ.

'खोल पात्रात पूर मावतो.' एक किलोमीटर लांब, 30 मीटर रुंद पात्र 2 मीटर खणलं, तर जागा वाढते 60,000 घनमीटर. सेकंदाला 500 घनमीटरचा पूर ती दोन मिनिटांत भरून टाकतो. खालपर्यंत सलग उतार न ठेवता मधलाच तुकडा खणला, तर तो नुसता डोह होतो आणि पुराआधीच भरलेला असतो.

'सरळ केली की पाणी लवकर निघून जातं.' जातं ना, खालच्या वस्तीत! तिथला पूर मग लवकर चढतो आणि जास्त चढतो. 10 किलोमीटरमध्ये 10 मीटर उतरणारी नदी 6 किलोमीटरची केली, तर उतार हजारी 1 वरून 1.67 होतो. वेग वाढतो, पाणी तळ खरवडू लागतं.

खरी गोम पुढे आहे. खणलेल्या भागाच्या वरच्या टोकाला तळात पायरी पडते. पाणी तिथून उडी घेतं, पायरीचा पायथा पोखरतं, पायरी ढासळून मागे सरकते. कठीण खडक किंवा बंधारा लागेपर्यंत ती अशीच वर वर जाते. वाटेत ओढ्यांचे तळ खचतात, पुलांचे पाये उघडे पडतात. काठ उंच आणि उभे होतात. ते बहुधा कोसळतात पूर ओसरताना: मातीतलं पाणी अजून आतच असतं, समोरच्या पाण्याचा आधार मात्र गेलेला असतो.

'विहिरींना पाणी वाढतं.' बऱ्याचदा उलटच होतं. तळ खाली गेला की काठाचं भूजल नदीकडे निचरतं. शिवाय पाणी धरणारी वाळू आपणच उपसलेली असते.

रुंदीकरणाचं थोडक्यात: पसरट पात्रात पाणी उथळ आणि संथ होतं, गाळ मध्येच बसतो आणि प्रवाह काठावर आदळतो.

फ्लोरिडातली किसिमी नदी 1962 ते 1971 दरम्यान सरळ केली. 166 किलोमीटरची नागमोडी नदी 90 किलोमीटरचा कालवा झाली. पाणथळ जागा सुकल्या, पाणपक्षी घटले. पुढे त्या कालव्याचा सुमारे 35 किलोमीटर भाग पुन्हा बुजवावा लागला. ते काम 2021 मध्ये संपलं.

पुलाखाली अडकलेले ओंडके, प्लॅस्टिक, राडारोडा जरूर काढा. त्यासाठी तळाला हात लावावा लागत नाही.