चूक त्याची, गाडी फुकट, सही तुमची

इंग्लंडात राउंडअबाउटवर थांबलेले असताना मागून कुणीतरी तुमची गाडी ठोकली, तर आपल्या पॉलिसीचे कागद शोधायच्या भानगडीत पडू नका. हेल्पलाइनवरचा गोड आवाज म्हणेल, ‘तुमची चूक नाही ना? मग गाडी आम्ही देतो, तुम्हाला एक पैसाही पडणार नाही.’ फुकट ते पौष्टिक! लगेच हो म्हणा.

गॅरेजवाला दुरुस्ती होईपर्यंत तुमच्या पॉलिसीतली कर्टसी कार देत असेल, तर ती मुळीच घेऊ नका. बारकी हॅचबॅक असते आणि खरोखरच फुकट असते, त्यात काय मजा? तुम्ही क्रेडिट हायरच घ्या. ही गाडी तुम्ही उधारीवर भाड्याने घेता आणि भाडं नंतर समोरच्याच्या विमा कंपनीकडून वसूल होतं. नाही झालं तर करारावर सही कुणाची आहे ते बघतात. करार मोबाइलवर येतो, तो अंगठ्याने सर्रकन खाली सरकवून सही ठोका. रोजच्या भाड्याचा आकडा मधेच कुठेतरी असतो, तो दिसला तरी थांबू नका. तुमची गाडी जुनी फिएस्टा असेल तर एसयूव्ही मागा. वरचा फरक मंजूर होत नाही, पण शेजारी बघतात.

दोन-चार दिवसांत समोरच्या विमा कंपनीचं पत्र येईल: ‘आम्ही गाडी देतो, आम्हाला ती रोज इतक्या पौंडांना पडते.’ ते सरळ रद्दीत टाका. ही ऑफर कारण नसताना नाकारली असं ठरलं, तर कोर्ट त्या पत्रातल्या दराच्या वर भाडं देत नाही, एवढंच.

गाडीची गरज होती हे सिद्ध करावं लागतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ‘जाइल्स विरुद्ध थॉम्पसन’ खटल्यात 1993 मध्येच तसं सांगून ठेवलंय. तेव्हा तुम्ही घरून काम करा, बायकोची गाडी दारात उभी ठेवा आणि दिवाळीला तीन आठवडे पुण्याला जा. भाड्याची गाडी अर्थातच परत करू नका, ड्राइव्हवेवर शोभून दिसते. गाडी देताना आणि घेताना मीटरचं रीडिंग लिहितात. चाळीस दिवसांत पंच्याऐंशी मैल झाले असतील, तर विरुद्ध बाजूच्या वकिलाला फार बोलावंही लागत नाही.

आता दर. समजा, उधारीचा दर रोज 90 पौंड आणि तशीच गाडी बाजारात 35 ला मिळते. चाळीस दिवसांचा फरक 2,200 पौंड. रोख भाडं भरायची ऐपतच नव्हती असं पटवलं, तर उधारीचा पूर्ण दर मिळू शकतो (‘लॅग्डन विरुद्ध ओकॉनर’, 2003). म्हणून दाव्यात बिनधास्त ‘कफल्लक’ लिहा. अपघाताच्या आधीच्या काही महिन्यांपासूनची बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा आणि क्रेडिट कार्डाची शिल्लक मर्यादा मागतील. आयएसएमधले (करमुक्त बचत खात्यातले) पंधरा हजार कुणाला दिसणार आहेत! खाली ‘हे सर्व सत्य आहे’ यावर सही असते आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा कोर्टाचा अवमान ठरू शकतो, पण तोवर सह्यांची सवय झालेलीच असते.

गॅरेजला फोन करून ‘पार्ट आला का?’ असं विचारू नका. दिवस वाढले की भाडं वाढतं आणि गाडी कंपाउंडात पडून असेल तर स्टोरेजही. दुरुस्ती झाल्याचा निरोप शुक्रवारी आला, तर भाड्याची गाडी सोमवारनंतर सावकाश द्या.

फोटो, डॅशकॅम, साक्षीदाराचा नंबर यात वेळ घालवू नका. ‘तुमची चूक नाही’ हे अजून फक्त तुम्ही आणि तो गोड आवाज म्हणताय. पन्नास-पन्नास ठरलं, की मंजूर भाड्याचाही निम्माच वाटा मिळतो.

बऱ्याच करारांसोबत बुडालेल्या भाड्यासाठी विमा असतो, पण तो तुम्ही खरं बोललात आणि सहकार्य केलंत तरच. त्यामुळे वकिलांच्या ईमेलना उत्तर देऊ नका आणि तारखेला जाऊ नका. दावा भाडेकंपनीच्या नाही, तुमच्या नावावर चालतो. गेलातच आणि ‘दारात दुसरी गाडी असताना ही कशाला?’ असं न्यायाधीशांनी विचारलं, तर हेल्पलाइनच्या गोड आवाजाने सांगितलं म्हणून, असं सांगा. तो आवाज साक्षीला येत नाही.