नव्या खजिनदारास, सप्रेम

अभिनंदन! पेठेतल्या सेवाभावी संस्थेचे तुम्ही खजिनदार झालात. वार्षिक सभेला तुम्ही अर्धा तास उशिरा पोहोचलात, तोवर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि सचिव ठरून गेले होते. जे उरलं ते तुमच्या गळ्यात पडलं. कोल्हापुरात खजिनदार असेच निवडले जातात, वाईट वाटून घेऊ नका. आता पैसे आणायचे तुम्ही, आणि 'कुठं गेले' म्हणून विचारणार तेही तुम्हालाच. तेव्हा अनुभवी माणसांकडून ऐकलेलं थोडं सांगून ठेवतो.

तुमची संस्था तीन कामं करते. सीपीआर या सरकारी दवाखान्यात ॲडमिट असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना दुपारचा डबा देते, वस्तीतल्या पोरांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवते, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातनं एकदा नर्सबाई पाठवते. कामं चांगली आहेत. म्हणूनच पैसे मागायला जाताना त्यांच्याबद्दल फार बोलू नका. देणगीदाराला वाटप हवं असतं. वह्या, दप्तरं, ब्लँकेटं, सायकल, फारच मोठा माणूस असेल तर व्हीलचेअर. वस्तू अशी पाहिजे की ती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्येच थांबवता आली पाहिजे, कारण फोटो तिथं निघतो. नर्सबाईंनी आजोबांचा बीपी बघितला, गोळ्यांची पट्टी कधीच संपलीय हे ओळखलं, पुण्यातल्या मुलाला फोन लावून दिला. ठीक आहे, पण यात थांबवायचं कुठं आणि पाहुण्यांनी हात लावायचा कशाला?

म्हणून जूनमध्ये वह्यावाटप घ्या. दसरा चौकात शाहू स्मारकचा हॉल मिळाला तर उत्तम. निमंत्रणपत्रिकेत नावं इतकी घाला की वेळ आणि ठिकाण मागच्या बाजूला जाईल. वहीच्या मुखपृष्ठावर दानशूर व्यक्तीचा फोटो, मलपृष्ठावर त्यांच्या कैलासवासी वडिलांचा, आतल्या पहिल्या पानावर शुभेच्छा. लिहायची पानं त्यानंतर सुरू होतील. व्यासपीठावर एक मुलगी बोलवा. अर्धा डझन वह्यांचा रिबीन बांधलेला गठ्ठा तिच्या हातात द्यायचा, आणि त्याला पंधरा जणांनी हात लावायचा. ज्यांचा हात पोहोचत नाही त्यांनी पुढच्याच्या कोपराला लावायचा. फोटोग्राफर ओरडेल, "गठ्ठा जरा वर घ्या की सायेब, बोर्ड झाकतोय!" मग गठ्ठा वर जाईल, बोर्ड दिसेल, मुलगी दिसणार नाही. तेवढ्यात प्रमुख पाहुणे येतील, कारण त्यांना आधी एका वास्तुशांतीला जायचं होतं. घाबरू नका. मुलीकडून गठ्ठा परत घ्या आणि सगळं पुन्हा करा. दुसऱ्या वेळेला ती चांगलीच तयार झालेली असते. कॅमेऱ्याकडं बघून हसायचं कधी हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

नंतर हिशेबाला बसाल तेव्हा हॉल, बोर्ड, साऊंड, कोल्हापुरी फेटे, शाली, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि नाष्टा यांची बेरीज वह्यांच्या बिलाला येऊन टेकेल. हा सगळा कार्यक्रमाचा खर्च. नर्सबाईंचे महिन्याचे पैसे, अभ्यासिकेच्या खोलीचं भाडं, लाइट बिल, डबे पोचवणाऱ्या रिक्षावाल्याचं भाडं हा मात्र प्रशासकीय खर्च, म्हणजे उधळपट्टी. हा भेद एकदा डोक्यात बसला की तुमचं अर्धं काम झालं. सभेत कुणीतरी हमखास उठून म्हणेल, "समाजसेवेला पगार कशाला लागतोय?" म्हणणारा स्वतः भाडेकरूकडून वर्षाला दहा टक्के वाढ घेत असतो, पण तो मुद्दा काढू नका. वार्षिक वर्गणी त्याच्याकडून यायची आहे.

आता मोठ्या पैशाकडं वळू. एप्रिल २०१४ पासून कंपन्यांना सीएसआर, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकार्यावर घालवायचा कायदा, लागू आहे. नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी भरलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर घालवायचे. उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ टाकून बसलेल्या माणसाला हा कायदा लागत नाही. तो तसाही देतो. चहा पाजतो, खिशातून नोटा काढतो आणि पावतीवर 'एक हितचिंतक' लिहा म्हणतो. अशा माणसाकडं जाऊ नका, तिथं प्रस्ताव लिहायची मजा नाही. तुम्ही शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जा. गेटवर रजिस्टरमध्ये नाव, गाव, गाडी नंबर आणि भेटीचं कारण लिहा. कारणाच्या रकान्यात 'देणगी' लिहिलंत तर आत सोडत नाहीत, 'मीटिंग' लिहा.

आत गेल्यावर विचारतील, सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घ्यायला संस्थेला लागणारी) नोंदणी आहे का, तीन वर्षांचा अनुभव आहे का? अनुभवाला पैसे लागतात, आणि पैशाला अनुभव. या कोड्यात नव्या संस्था अडकतात. तुमची जुनी आहे, तुम्ही सुटलात. मग प्रस्तावाचा फॉर्म येईल. त्यात एक रकाना असतो: लाभार्थ्याच्या आयुष्यात मोजता येण्याजोगा काय बदल झाला? डबा खाल्लेल्या माणसाबद्दल 'भूक गेली' असं लिहू नका. ते मोजता येत नाही, शिवाय संध्याकाळी परत लागते. 'पोषणविषयक सक्षमीकरण' लिहा.

पगाराचा विषय निघाला की साहेब म्हणतील, "सॅलरी आम्ही पाच टक्क्यांच्या वर घेत नाही, रूल आहे." आता खरी गोष्ट अशी की नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन बीपी बघणाऱ्या बाईंच्या पगाराला ती लागत नाही. तो पगार म्हणजेच प्रकल्प. हे तुम्हाला ठाऊक असलं तरी विसरा. साहेबांच्या केबिनमध्ये साहेबांना नियम सांगून आजवर कुणी चेक घेऊन बाहेर आलेलं नाही. मान हलवा आणि बाहेर या. महिन्याभरात मंजुरी येईल: पंचवीस बीपी मशीन, प्रत्येकावर कंपनीचा लोगो. मशीन वापरायला बाई एकच आहेत, पण बाईंवर लोगो चिकटवता येत नाही, ही अडचण कंपनीचीही समजून घ्या.

वैयक्तिक देणगीदार तुमची संस्था काय करते हे विचारण्याआधी विचारेल, "८०जी हाय न्हवं?" हाय म्हणा. ८०जी म्हणजे देणगीवरची आयकराची सवलत. साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते, २,००० च्या वरची देणगी रोख दिली तर वजावट नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावटच नाही. यातलं शेवटचं वाक्य देणगीदाराला चेक दिल्यानंतर सांगावं. (गणपतीच्या वर्गणीला मंडळाची पोरं दारात आली की हाच माणूस ८०जीचं नाव काढत नाही, मुकाट्यानं पाकीट काढतो. तुमच्याकडं तशी पोरं नाहीत हा तुमच्या संस्थेचा मूळ दोष.) मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काही जण वेगळाच प्रस्ताव घेऊन येतील. पन्नास हजारांचा चेक घ्या, पावती द्या, पंचेचाळीस रोखीनं परत करा, पाच तुमच्या गरिबांना राहू देत. नाही म्हणालात तरी ते रागावत नाहीत. हसतात, उठतात आणि दुसऱ्या संस्थेकडं जातात.

पुराचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडं तो देणग्यांचा हंगाम आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, आणि तिथून पुढं टीव्हीवाले. २०१९ ला हायवे बंद होता तोवर शहरात दूध-पेट्रोलची मारामार होती. रस्ता सुटल्यावर मदतीच्या गाड्यांची रांग लागली. लोकांनी भरभरून दिलं, त्यात खोट नाही. पण गाड्यांतून उतरलं काय? बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि कपडे. कपड्यांत चेन तुटलेल्या जीन्स, लग्नातला एक कोट, बिनजोडीचे मोजे. पुरात बुडालेल्या चिखली गावच्या माणसाला त्या घटकेला घरातला गाळ काढायला चार माणसं, भिजलेला मीटर बघायला वायरमन आणि कोरडी गादी हवी होती. तुम्ही खजिनदार म्हणून असं काही सुचवू नका. कपडे निवडायला चार दिवस कार्यकर्ते बसवा, त्यांना चहा-वडा द्या, आणि निवडून जे उरेल ते टाकायला ट्रॅक्टर भाड्यानं लावा. ट्रॅक्टरचं भाडं कुठल्या खात्यावर टाकायचं? प्रशासकीय.

भाषणात शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय आपल्या गावात पैसे मागता येत नाहीत, तेव्हा दोनदा घ्या. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जातीजातींची आणि धर्माधर्मांची बोर्डिंगं निघत गेली, कोल्हापूर वसतिगृहांचं गाव झालं, एवढं बोलून थांबा. महाराज नुसता नारळ फोडून घरी गेले नाहीत. बोर्डिंगांना जागा दिल्या, वर्षाचं अनुदान लावून दिलं, पुढच्या वर्षी पोरांचं जेवण कुठून येणार याची सोय बघितली. हे सांगायला लागलात तर एखादा शहाणा विचारेल, "मग आपल्या नर्सबाईंची पुढच्या वर्षाची सोय काय?" भाषण जयजयकारावर संपवावं ते याचसाठी.

कागदपत्रांचं फार मनाला लावून घेऊ नका. न्यासाच्या कारभाऱ्यांत बदल झाला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाकावा लागतो. तुमच्या संस्थेतल्या दोन गटांनी दोन वेगवेगळे टाकलेले आहेत, त्यामुळं कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही खजिनदार झालात की नाही हे अजून ठरायचंय. बँकेला मात्र सही तुमचीच लागेल.

राहिली एक शेवटची जात, आणि तिच्यापासून खरोखर सांभाळून राहा. निवृत्त शाळामास्तर, गुजरीतल्या सराफाकडं हिशेब लिहिणारे एक जण, मंगळवार पेठेतल्या एक पोळीभाजी केंद्रवाल्या मावशी. ही मंडळी महिन्याला दोनशे, तीनशे, पाचशे देतात. दर महिन्याला देतात, पाच तारखेच्या आत. मावशी तर पैसे डब्यात घालून पाठवतात, वरच्या कप्प्यात चपात्या आणि खालच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत नोटा. त्यांना वही, फेटा, बोर्ड काही नको. 'कशाला वापरू' म्हणून विचारलं तर म्हणतात, "तुम्हाला अडलंय तिथं वापरा." अशा बिनअटीच्या पैशातून नर्सबाईंचा पगार सरळ निघतो, खोलीचं भाडं वेळेवर जातं, आणि सीएसआरच्या साहेबांसमोर मान हलवायचं कारणच उरत नाही. असे शंभरेक लोक जमले तर संस्थेची सवय बिघडेल. कार्यकारिणीतले निम्मे लोक व्यासपीठासाठी आलेत, ते काय करतील?

तेव्हा यांची संख्या वाढू देऊ नका. त्यांना आभाराचं पत्र पाठवू नका, काम बघायला बोलवू नका, आणि वार्षिक सभेची नोटीस तर मुळीच पाठवू नका. ते येतात. आणि येताना ताळेबंद वाचून येतात.